चिमण्यांच्या झालरीला सोनेरी रंग

त्या झालरीवर सोनेरी रंग मी मारला. माझ्या मुलीने नाही. वाक्य एवढंसं आहे, पण ते तोंडातून बाहेर पडायला मला डिसेंबरातल्या एका रविवारपासून पौषाच्या पौर्णिमेपर्यंतचा वेळ लागला.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची मजा वाचताना मला कोणी साळसूद समजू नये. मजा खूप आली. अडचण तीच होती. चूक करताना मी जरा तरी उदास असतो तर सावध राहिलो असतो. मी तर वारं प्यायलेल्या वासरासारखा उधळलो होतो.

आम्ही सहा वर्षांपूर्वी नागपूरहून रायपुरात आलो. माझं ऑफिस नवा रायपुरात, घर चौबे कॉलोनीत, तळमजल्यावर, भाड्याचं. सकाळी स्वयंपाकाला एक बाई येतात. त्यांना आम्ही तिघंही दीदी म्हणतो. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. बायकोची शाळा सकाळची, ती शिक्षिका आहे, त्यामुळे पोरीच्या दोन वेण्या घालायचं कामही दीदींकडे आपोआप गेलं. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र हिंदीत येतं. दीदींशी ती छत्तीसगढी बोलते. वेणी घालता घालता दीदी तिला गावाकडची एक गोष्ट सांगायच्या. वेणी संपली की गोष्ट संपायची, म्हणून पोरगी मुद्दाम केसांचा गुंता करून बसायची.

दीदींच्या भावाची महानदीकडच्या एका गावात थोडी शेती आहे. धान कापलं की दीदी गावी जाऊन लोंब्यांची एक पेंढी घेऊन येतात आणि त्यांची झालर विणतात. छत्तीसगढात ही पद्धत आहे. लोंब्या एकीत एक गुंफून जाळीसारखी झालर करायची आणि दारावर टांगायची, म्हणजे चिमण्या येऊन दाणे टिपतात. दीदी राहतात त्या खोलीचं दार एका अंधाऱ्या बोळात उघडतं. तिथे चिमणी फिरकत नाही. म्हणून त्यांची झालर दर हिवाळ्यात आमच्या दारावर लागते. त्यांचा एक नियम आहे: पहिला दाणा चिमणीने टिपल्याशिवाय भावाने दिलेल्या नव्या तांदळाचं पोतं उघडायचं नाही. तोवर घरात रेशनचा जुना तांदूळ. झालर लावली की रोज सकाळी चप्पल काढता काढता त्या पोरीला विचारतात, "चिरई आइस का?" चिमणी आली का? आणि पोरगी ज्या दिवशी "हव" म्हणेल, त्या दिवशी दीदींच्या घरी नवा भात शिजतो.

हे सगळं मला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

तर डिसेंबरात आमच्या गल्लीने ठरवलं की एका रविवारी संध्याकाळी थंडीचं स्वागत करायचं. मधोमध शेकोटी, चहा, भाजलेल्या शेंगा आणि प्रत्येकाचं दार सजवलेलं. समोरच्या घरचे भैया रेल्वेतून रिटायर झालेले, हे सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालं. त्यांनी एकच अट घातली. बाजारातून काही आणायचं नाही, घरातल्या जुन्या वस्तूंमधूनच काय ते करायचं. गेल्या वर्षी एका घराने लायटिंगच्या इतक्या माळा आणल्या होत्या की सगळ्या गल्लीची लाईट गेली, आणि आम्ही एकमेकांची सजावट मोबाईलच्या उजेडात पाहिली. मतदानाचीही रीत ठरली. प्रत्येक दारात एक वाटी ठेवायची. ज्याला जे दार आवडेल त्याने त्या वाटीत एक शेंग टाकायची.

रविवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही तिघं माळ्यावर चढलो. म्हणजे मी चढलो, बायकोने स्टूल धरलं आणि पोरीने खालून हुकूम सोडले. एक मोडकी छत्री खाली आली. उसवलेल्या रजईचा कापूस, अंड्यांचे कागदी ट्रे, कानटोप्या, एका स्वेटरची उरलेली अर्धी बाही. दुसरी अर्धी कुठे गेली ते आजही कोणाला माहीत नाही.

पोरीला बर्फाचा माणूस हवा होता. रायपुरात बर्फ कुठून येणार? इथे थंडी म्हणजे सकाळी नवा रायपुरच्या रस्त्यावर धुकं आणि दुपारी स्वेटर कमरेला बांधलेला. पण पोरगी अडून बसली. शेवटी स्वयंपाकघरातले तीन डबे एकावर एक ठेवले. खाली कणकेचं मोठं पिंप, त्यावर डाळीचा डबा, सगळ्यात वर साखरेचा. त्यांना पांढरी जुनी चादर गुंडाळली, वरून रजईचा कापूस चिकटवला. नाकाला गाजर, डोळ्यांना माझ्या लग्नातल्या कोटाची दोन बटणं. एका हातात झारा, दुसऱ्यात लाटणं. डोक्यावर माझी माकडटोपी. तो उभा राहिला आणि आमच्या लक्षात आलं की तो हुबेहूब माझ्या ऑफिसातल्या साहेबांसारखा दिसतो. पोट तेवढंच आणि फाईल बघतानाचा चेहराही तोच. तेव्हापासून त्याचं नाव साहेब.

"साहेब छान आहे," बायको म्हणाली, "पण दुपारच्या पोळ्या मी कशाच्या करू?"

"साहब के पेट से निकालो," पोरगी म्हणाली.

आणि खरंच, बारा वाजता साहेबांचं मुंडकं उतरवून, डाळ बाजूला ठेवून, त्यांच्या पोटातून चार वाट्या कणिक काढावी लागली. बायको हसून हसून खाली बसली. "थांबा," ती म्हणाली, "रात्री वरण करायचं तर साहेबांची छाती पण उघडा लागेल."

छत्रीचं कापड काढून नुसता सांगाडा उलटा टांगला आणि प्रत्येक काडीला दोऱ्याने चमचे बांधले. वारा आला की ते किणकिण करायचे. त्या आवाजाने समोरच्या भैयांचा कुत्रा भुंकायचा आणि कुत्रा भुंकला की भैया खिडकीतून बघायचे.

"क्या बना रहे हो भई?" त्यांनी विचारलं.

"झुंबर," मी म्हणालो.

"हमको तो लगा किसी के घर में बर्तन बंट रहे हैं."

अंड्यांच्या ट्रेची फुलं कापली. चहाच्या तीन जुन्या गाळण्यांचे तीन चंद्र झाले. स्वेटरच्या बाहीची लोकर उसवून पोरीने गोंडे केले. तोवर सगळं सुंदर होतं आणि कोणाचंही नुकसान झालेलं नव्हतं. मग मला माळ्याच्या कोपऱ्यात सोनेरी स्प्रेचा डबा सापडला. गणपतीच्या मखरासाठी आणलेला, अर्धा उरलेला. मी तो कानाजवळ हलवला. आतली गोळी खडखड वाजली आणि त्या आवाजाने माझ्या डोक्यात काहीतरी झालं.

आधी अंड्यांची फुलं सोनेरी केली. ती इतकी छान दिसली की गाळण्याही केल्या. मग नारळाच्या करवंट्या. मग तुटक्या खलबत्त्याचा दांडा. मग एक चप्पल, तिचा जोड हरवला होता. बायको म्हणाली, "अहो, काय करून राहिले? पोट्टी बरी तुमच्यापेक्षा." मी तुळशीच्या कुंडीचा काठ केला. जे हलत नव्हतं ते सगळं सोनेरी झालं. माझा एक कान झाला आणि उजव्या हाताचा अंगठाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, ऑफिसात लोक माझ्याशी बोलताना शर्टाची बटणं नीट करतात. आणि मी अंगणात स्प्रेचा डबा घेऊन उड्या मारत होतो.

झालर दारावर होती. दीदींनी आदल्याच दिवशी, शनिवारी, बांधली होती. यंदा पोरीच्या हट्टाखातर त्यांनी ती मोठी विणली होती, अगदी दाराच्या अर्ध्यापर्यंत येईल अशी. आजूबाजूला सगळं झगमगत होतं आणि त्यात ती धानाची झालर फिकी, मातकट दिसत होती. मी डबा हलवला.

"पापा, ये मत करना," मागून पोरगी म्हणाली. ती नळावर गोंदाचे हात धूत होती. "ये चिड़ियों का है."

"नुसतं वरून वरून," मी म्हणालो. "आतले दाणे राहतील की त्यांना."

डबा संपेपर्यंत मी मारलं. दाणे आत कुठे असतात? लोंबीवर असतात, उघडे. हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण हात थांबला नाही.

संध्याकाळी गल्लीत आमच्या वाटीत सगळ्यात जास्त शेंगा पडल्या. लोक साहेबांना हसले, चमच्यांच्या झुंबराखाली फोटो काढले, पण थांबले ते झालरीपाशी. शेकोटीच्या उजेडात ती खरंच सोन्याची वाटत होती. "ये किसने बनाया?" जो तो विचारत होता. मी म्हणत होतो, "घर का ही है." बायको, पोरगी आणि मी वाटी मांडीत घेऊन शेंगा खात बसलो. पोरगी कमी खात होती. मला वाटलं थकली असेल.

सोमवारी सकाळी बायको शाळेत गेलेली. मी ऑफिसला निघायचं म्हणून बुटाची नाडी बांधत होतो. पोरगी केस मोकळे सोडून स्टुलावर बसली होती. दीदी आल्या. चप्पल काढायला वाकल्या आणि तशाच वर बघत राहिल्या.

"ये कौन करिस?" त्यांनी विचारलं. हे कोणी केलं?

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी उजवा हात पँटच्या खिशात घातला. अंगठ्याच्या नखात सोनेरी रंग अजून होता. दोन वेळा रॉकेलने घासूनही निघालेला नव्हता. आणि मी हसून म्हणालो, "अरे दीदी, बच्चों का काम है. बिटिया को शौक चढ़ा था."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. दीदींनी स्टूल मागितलं. पोरगी उठली. दीदी त्यावर चढल्या, झालर सोडली आणि म्हणाल्या, "चिरई खाही त मर जाही." चिमणी खाईल तर मरेल. झालर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. दुसरी विणायला लोंब्या नव्हत्या, गावात मळणी होऊन गेली होती. मग पोरीला बसवून त्यांनी वेण्या घातल्या. वेण्या नेहमीसारख्या घट्ट, सरळ भांगाच्या. फक्त गोष्ट सांगितली नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "सर, शादी में गए थे क्या? कान चमक रहा है." सगळे हसले, मीही हसलो. दिवसभर मी डाव्या हाताने सह्या केल्यासारख्या उजव्या हाताने सह्या केल्या, अंगठा मुठीत धरून.

त्या संध्याकाळी पोरीने मला फक्त एक वाक्य म्हटलं. "आपने मेरा नाम लिया." मी म्हणालो, "उद्या सांगतो दीदींना." उद्याचे पुष्कळ उद्या झाले. रोज सकाळी दीदी यायच्या, रिकाम्या दाराकडे बघायच्या, चिमणीचं विचारायच्या नाहीत. रोज वेण्या, रोज गप्प. तिसऱ्या आठवड्यात पोरीने केस विंचरूनच बसायला सुरुवात केली. आता गुंत्याचा उपयोग नव्हता.

नव्या तांदळाचं बायकोनेच एकदा विचारलं. दीदी म्हणाल्या, "नहीं खोले. देखबो." अजून उघडलं नाही, बघू. त्या गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दीदीचा आवाज काहून नाही येऊन राहिला आजकाल घरात?"

"मला काय माहीत."

"अंगठा दाखवा."

तोपर्यंत नख वाढून रंग टोकाला गेला होता, एक बारीक सोनेरी कोर उरली होती. तिने ती पाहिली आणि माझा हात सोडला. "पोट्टीनं मले काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "तिनं तुमचं झाकलं. मी पण दीदीले नाही सांगणार. ते तुमचं काम आहे." मग जाताना वळून म्हणाली, "आणि साहेबाले आता उतरवा. रोज त्याचं पोट उघडून कणिक काढतो तर मले पाप केल्यासारखं वाटते."

साहेबांना मी उतरवलं. माकडटोपी काढताना त्यांची बटणांची नजर माझ्यावर होती. हे हसण्यासारखं आहे, आणि मी हसलोही, पण टोपी हातात धरून बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

पौषाच्या पौर्णिमेला इथे छेरछेरा असतो. धान घरात आलेलं असतं. त्या दिवशी लहानथोर सगळे दारोदार जाऊन मूठभर धान मागतात आणि देणाराही नंतर मागायला निघतो. त्या दिवशी मागण्यात कोणालाच कमीपणा नाही. दीदी दोन दिवसांची सुट्टी घेऊन गावी गेल्या होत्या. सकाळी मी पोरीला म्हटलं, "चल, दीदींच्या गावी जाऊ." तिने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली. बायको शाळेतून सुट्टी काढून आधीच तयार होती. तिने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "मागायले चालले तर झोळी पाहिजे न."

नवा रायपुरचे रुंद, रिकामे रस्ते, बाजूला धुकं. पोरीने काच खाली केली आणि तिघांच्या नाकांतून पाणी येऊ लागलं. गावात शिरलो तर पोरांची टोळीच गाडीपुढे आली. टोपल्या, पिशव्या, एकाकडे हेल्मेट. माझ्याकडे पिशवी पाहून हेल्मेटवाल्याने विचारलं, "तुमन घलो मांगे बर आय हव?" तुम्हीसुद्धा मागायला आलात? मी "हव" म्हणालो आणि ती पोरं इतकी खूश झाली की त्यांनी मला पुढे घातलं. दारात उभं राहून कसं ओरडायचं ते शिकवलं. माझा पहिला आवाज इतका बारीक निघाला की एक म्हातारी म्हणाली, "जोर से, साहब, कोठी दूर हे." कोठी लांब आहे. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तीन घरी मागितलं, तीन मुठी मिळाल्या. चौथं दार दीदींच्या भावाचं.

अंगण नुकतं सारवलेलं होतं. दारावर त्यांच्या भावाची झालर होती आणि तिच्यावर सातआठ चिमण्या, एकमेकींना ढकलत. दीदी सुपात धान घेऊन पोरांना मुठी वाटत होत्या. मला पिशवी पसरून उभं पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. सूप पुढे केलं.

"धान नको, दीदी," मी हिंदीत म्हणालो. "थोड्या लोंब्या मिळतील का? आपल्या दारासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. आत गेल्या. भावाने बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या पेंढ्यांतली एक घेऊन आल्या. ती माझ्या पिशवीत टाकली नाही, पोरीच्या हातात दिली. तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "ए दारी झन रंगबे, नोनी." या खेपेला रंगवू नकोस, पोरी.

पोरीने पेंढी छातीशी धरली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हव," ती म्हणाली.

माझा उजवा हात खिशात होता. कधी गेला होता कोणास ठाऊक. नखातला रंग केव्हाच कापला गेला होता, लपवायला काहीच उरलं नव्हतं, तरी तो तिथेच होता. मी तो बाहेर काढला. पोरं, हेल्मेटवाला, दीदींचा भाऊ, माझी बायको, सगळे तिथेच होते. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"दीदी, वो रंग मैंने मारा था. बिटिया ने तो रोका था मुझे. फिर मैंने आपसे झूठ बोला और इसका नाम लगा दिया. आपका चावल मेरी वजह से बंद पड़ा है. मुझे माफ कर दो." आणि मग पोरीकडे वळून, तिला कळते पण ती बोलत नाही त्या भाषेत, "बाळा, तू पण मला माफ कर."